मीटरचे काटे फक्त घाट उतरताना पडतात: एका गाडीच्या निदानाची हकीकत

सरांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर आधीच दोन ठिकाणी इलाज होऊन गेले होते. पाच वर्षांची डिझेल गाडी, ६१ हजार किलोमीटर चाललेली, नीट ठेवलेली. सर कराडात राहतात, शाळेत शिकवतात. गावाकडचं घर चिपळूणजवळ, त्यामुळे महिन्यातून एखादी फेरी कुंभार्ली घाटातून होतेच.

तक्रार अशी. कोयनानगर सोडून घाट उतरायला लागलं की मधेच मीटरचे सगळे काटे एकदम शून्यावर येतात. एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे दिवे एकाच वेळी पेटतात. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. इंजिन मात्र चालूच राहतं, ॲक्सिलरेटरही काम करतो. अर्ध्या मिनिटात, कधी त्याहून लवकर, सगळं आपोआप जागेवर. दोन महिन्यांत चार वेळा झालं. शिवाय एकदा चिपळूणच्या बाजारात गाडी उभी केली आणि परत निघताना सेल्फच घेईना. दहा मिनिटांनी काहीही न करता चालू झाली.

वळणावर स्टिअरिंग जड होणं म्हणजे काय, हे ज्यानं तो घाट चालवलाय त्याला सांगायला नको. सर घाबरले होते, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलून दिली. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, ‘एबीएसशी संपर्क तुटला’ असा कोड निघाला, आणि एबीएसचं युनिट बदलायला सांगितलं. खर्च ५२ हजार. सर म्हणाले, “मिस्त्री, पैसे भरायला मी तयार आहे, पण त्यानं बरं होईल का एवढं सांगा.” मला तेव्हा सांगता येत नव्हतं, तसंच मी त्यांना सांगितलं.

पुढचं समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. पूर्वी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असायची. कॉम्प्युटर वाढत गेले तशा वायरी हाताबाहेर गेल्या. बॉश कंपनीनं १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये कॅन ही पद्धत लोकांपुढे आणली. दोन वायरी, एकमेकींना पीळ घातलेल्या. एक कॅन-हाय, एक कॅन-लो. गाडीतली सगळी मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाचे हे छोटे कॉम्प्युटर, याच दोन वायरींवर बोलतात आणि ऐकतात. चाकाचा वेग एबीएसला कळतो, तो या वायरींवरून मीटरला, स्टिअरिंगला, इंजिनला जातो. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, पुढच्याच वर्षी धुराचे बीएस ६ नियम आले. त्यामुळे आता साध्यातल्या साध्या गाडीतही हे जाळं असतंच, आणि गावातल्या मिस्त्रीलाही ते टाळून चालत नाही.

वायरी शांत असतात तेव्हा दोन्हींवर अडीच व्होल्ट असतात. कोणी बोलायला लागलं की हाय साडेतीनपर्यंत वर जाते आणि लो दीडपर्यंत खाली येते. ऐकणारा दोघींमधला फरक मोजतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास दिसले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

मी कामाला लागलो ते कोड न पुसता. कोड आल्या आल्या पुसून टाकायची सवय फार लोकांना आहे, आणि त्या सवयीनं हातातला एकुलता एक साक्षीदार जातो. सगळी मॉड्यूल एकेक करून वाचली आणि कागदावर लिहून काढली. इंजिनचा कॉम्प्युटर, ईसीएम, म्हणत होता यू ०१२१, म्हणजे एबीएसशी बोलणं तुटलं. एबीएस म्हणत होतं यू ०१००, म्हणजे ईसीएमशी बोलणं तुटलं. स्टिअरिंगकडे दोन्ही. मीटरकडे ईसीएम, एबीएस आणि बॉडीचं मॉड्यूल, तिन्हींबद्दल तक्रार. सगळे कोड जुने, आता चालू असलेला एकही नाही. ज्या कोडांबरोबर किलोमीटरची नोंद होती, त्यात आकडे एकमेकांशी जुळत होते.

दुसऱ्या ठिकाणी हाच यू ०१२१ बघून एबीएसवर बोट ठेवलं गेलं होतं. मला तिथे त्यांची चूक दिसली. यू अक्षराचा कोड म्हणजे एका मॉड्यूलनं दुसऱ्याबद्दल केलेली तक्रार असते, तो काही पंचनामा नाही. वस्तीत एकाच माणसाचा फोन लागत नसेल तर त्याचा फोन बघायचा. कुणाचाच कुणाला लागत नसेल तर टॉवर बघायचा. इथे एबीएस एकटं गप्प असतं तर बाकी सगळ्यांनी एबीएसचंच नाव घेतलं असतं, आणि ईसीएम आणि मीटर एकमेकांशी बोलत राहिले असते. तसं नव्हतं. ठराविक क्षणी सगळेच सगळ्यांना दुरावत होते. म्हणजे वाटच बंद पडत होती. किंवा एखादं मॉड्यूल इतकं बिघडत होतं की ते सगळी वाट अडवून बसत होतं. एवढं तर कागदावरूनच कळलं.

मग पाया तपासला. बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, चार्जिंग १४.१. इंजिन आणि बॉडीची अर्थिंग साफ. डॅशबोर्डखालच्या, स्कॅनर लावायच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला पूर्ण करंट, ४ आणि ५ ला चांगली अर्थ. बॅटरी काढून, मॉड्यूल झोपायला वेळ देऊन, ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या, पिनांमध्ये ओहम मोजले. ६०.३.

आमच्याकडचा पोरगा म्हणाला, “म्हणजे वायरिंग चांगलं आहे ना, दादा?” मी म्हटलं, आत्ता चांगलं आहे. या आकड्याचा एवढाच अर्थ. अंगात ताप नसताना थर्मामीटर लावला तर तो ताप कसा दाखवणार?

ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला, एका चॅनलवर हाय, दुसऱ्यावर लो. चित्र देखणं होतं. एक लाट वर, तिचीच सावली खाली, कुठे वेडंवाकडं नाही. बोनेटखालचे कपलर हलवून पाहिले. एबीएसचा कपलर काढला, आत कोरडा, पिना चकचकीत, हिरवटपणाचा मागमूस नाही. इथे मी एक पथ्य पाळतो: एका वेळी एकच कपलर काढायचा, बघायचा, परत बसवायचा आणि पुन्हा मोजायचं. सगळे एकदम उपसले तर दोष कशानं गेला ते कळत नाही, आणि वारंवार काढलेल्या कपलरच्या पिना सैल होऊन नवा दोष जन्माला येतो.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढली. लॅपटॉप आणि स्कोप शेजारच्या सीटवर ठेवले, लोवर ५ व्होल्टच्या वर काही गेलं की नोंद घ्यायला लावली, आणि पाटणच्या पुढेपर्यंत जाऊन आलो. खड्डे घेतले, जोरात ब्रेक मारले. काही नाही. तिसऱ्या दिवशी थेट कुंभार्ली घाट उतरून पोफळीपर्यंत गेलो आणि वर आलो. काही नाही. डिझेल गेलं, दिवस गेला.

त्या संध्याकाळी मी ते केलं जे खरं पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सरांना फोन लावला आणि चारही प्रसंग एकेक करून विचारले. पाऊस होता का? एकदा होता, तीनदा नव्हता. एसी? कधी चालू, कधी बंद. रोज शाळेत जाताना कधी झालं? “कधीच नाही.” घाट चढताना? “नाही, उतरतानाच.” गाडीत कोण कोण होतं?

सर थोडे थांबले. “आई. आईला गावी सोडायला किंवा आणायला जातो तेव्हाच घाटातून जाणं होतं.” कुठे बसतात? “पुढे, माझ्याशेजारी. तिला गाडी लागते, म्हणून पुढेच बसते.”

माझ्या दोन्ही फेऱ्यांत त्या सीटवर लॅपटॉप होता. माणूस नव्हता.

मी विचारलं, बाजारात गाडी चालू होत नव्हती तेव्हा काय होतं पुढे? म्हणाले, आई मागे बसली होती, कारण पुढे पायाशी नारळांचं पोतं होतं. गाडी चालूच होईना, तेव्हा रिक्षा करावी म्हणून पोतं उतरवलं, आणि जाता जाता एकदा चावी फिरवून पाहिली तर चालू झाली.

मग फोनवर मावशीच, म्हणजे सरांच्या आई, आल्या. म्हणाल्या, “अरे, घाट उतरताना मला वाटतं गाडी सुटली. मी दोन्ही पाय रोवून बसते. तो चालवतो आणि ब्रेक मी दाबते.” हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही, कारण अख्खा दोष त्या वाक्यात होता. चढताना त्या निवांत बसतात. उतरताना त्यांचे पाय पुढच्या पत्र्याला जाऊन भिडतात.

सकाळी चावी चालू करून ठेवली, मल्टिमीटरची एक जोडी हायवर, दुसरी लोवर. हाय २.७, लो २.३. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून चालू जाळ्यावर असे आकडे दिसतात. पोरग्याला डाव्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, मॅटिंगवर टाच रोवून इंच इंच पाय सरकव. डावीकडे, दरवाजाच्या उंबऱ्याजवळ, जिथे सपाट पत्रा वर चढायला लागतो, तिथे त्यानं टाच दाबली आणि मीटरचे काटे पडले. सगळे दिवे पेटले. पाय काढला, काही क्षणांत सगळं परत. पुन्हा दाबला, पुन्हा पडले.

“तसाच धरून ठेव,” मी म्हटलं, आणि आकडे पाहिले. हाय १२.२. लो १२.३.

हा आकडाच पुष्कळ बोलतो. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या तर दोन्ही अडीचच्या जवळ राहून गप्प झाल्या असत्या. हाय अर्थला लागली असती तर दोन्ही शून्याकडे गेल्या असत्या. इथे दोन्ही बॅटरीच्या पातळीवर चढल्या होत्या, म्हणजे कुठली तरी बारमाही करंटची वायर जाळ्याला शिवत होती. लोचा आकडा किंचित जास्त, म्हणजे स्पर्श लोला होत होता आणि हाय वायर टोकांच्या रेझिस्टरमधून तिच्यामागे ओढली जात होती. एका दशांशावर शपथ घेऊ नये, पण दिशा मिळाली.

आता प्रश्न, मग फ्यूज का उडाला नाही? कारण हा करंट सरळ पत्र्यात उतरत नव्हता. तो जात होता मॉड्यूलांच्या आतल्या चिपांमध्ये, आणि त्या चिपा स्वतःमधून जाणारा करंट मर्यादेत ठेवतात. बॅटरीचा शॉर्ट सोसायची ताकद त्यांना बनवतानाच दिलेली असते. म्हणून एकही मॉड्यूल जळलं नव्हतं. वायर शॉर्ट झाली की बोलू पाहणाऱ्या मॉड्यूलचा संदेश बिघडतो, दर बिघाडाला त्याच्या आतला चुका मोजणारा आकडा ८ नं वाढतो, २५५ च्या पलीकडे गेला की ते मॉड्यूल स्वतःहून बोलणं थांबवतं. एका बिघडलेल्यानं बाकीच्यांची वाट अडवू नये म्हणून ही सोय. ओळीनं ३२ चुका झाल्या की हद्द संपली, आणि या वेगाला ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. बाजारात गाडी का चालू झाली नाही तेही यात आलं: चावी ओळखणारं मॉड्यूल आणि इंजिनचा ईसीएम एकमेकांशी बोलूच शकत नव्हते, तर परवानगी कोण देणार?

करंट येतोय कुठून, हे शोधायला मॅटिंग फाडायची गरज नव्हती. पोरग्यानं टाच दाबून धरली, दरवाजे बंद ठेवले, आणि मी एकेक फ्यूज काढत गेलो. रूम लाइटचा फ्यूज काढला तशी दोन्ही वायरींची पातळी खाली आली आणि काटे जागे झाले. फ्यूज लावला, पुन्हा मेले. म्हणजे रूम लाइटची वायर आणि कॅनची जोडी जिथे शेजारून जातात ती जागा शोधायची. ती होती डाव्या उंबऱ्याच्या पट्टीखाली.

बॅटरी काढली, थोडा वेळ जाऊ दिला. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कपलर असतात, तिथे घाई करायची नाही. उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलली, मॅटिंग मागे घेतलं. कारखान्याची मूळ वायरिंग कापडी टेपमध्ये गुंडाळलेली असते, खरखरीत, कोरडी. इथे एक वीतभर भागात ती टेप उसवून त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप मारली होती. उन्हानं तिचा गोंद वितळून काकवीसारखा पसरला होता, आणि टेप आपोआप उलगडत आली होती.

ती सोडवली. आत रूम लाइटच्या वायरीचं कव्हर सोलून तिला एक लाल वायर नुसती पीळ घालून जोडलेली. डाख नाही, स्लीव्ह नाही. लाल वायर पुढे पायाशी लावलेल्या निळ्या एलईडी पट्टीला जात होती. सरांनी दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवून घेतली होती. त्या पिळाचे तांब्याचे तंतू चहूकडे पिंजारलेले, आणि त्यातला एक, मिशीच्या केसाएवढा, सरळ कॅन-लोच्या कव्हरमध्ये घुसलेला.

पण केसाएवढा मऊ तंतू चांगल्या कव्हरमध्ये घुसेल कसा? भिंग घेऊन पाहिलं. कॅन-लोला एक भोक, हायला दोन. गोल, सुईनं पाडल्यासारखी. बसवणाऱ्यानं करंट कुठल्या वायरीत आहे हे शोधायला टेस्ट लॅम्पची सुई एकेका वायरीत टोचली होती. हव्या त्या वायरीला दिवा लागला, त्यानं जोड मारला, आणि टोचलेल्या वायरी तशाच झाकल्या. दोन वर्षं टेपनं सांभाळलं. टेप सुटली, वर मॅटिंग, मॅटिंगवर मावशींची टाच.

टेस्ट लॅम्पबद्दल मला मनापासून राग आहे, तो इथे सांगतोच. हॉर्न आणि हेडलाइटच्या वायरींसाठी तो ठीक. पीळ घातलेली बारीक जोडी दिसली की तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही, सुई टोचायची नाही. मोजायचंच असेल तर कपलरच्या मागून पिनेला बारीक प्रोब लावा, किंवा सोळा पिनांच्या सॉकेटवर मोजा. वायरीला पाडलेलं भोक आज काही करत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यातून ओल शिरते, तांबं हिरवं पडतं, आणि तेव्हा मोजणारा मिस्त्री दुसराच कुणी असतो.

दुरुस्ती सोपी होती, पण तिचेही नियम आहेत. टोचलेला तुकडा दोन्ही वायरींतून कापून टाकला आणि तेवढ्याच जाडीची वायर जोडली, क्रिंप करून, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह आकसवून. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी घेतले नाहीत, पुढेमागे ठेवले, म्हणजे उद्या एक सुटला तरी दुसऱ्याला लागणार नाही. पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत परत घातला. हा पीळ शोभेचा नसतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा पडावा आणि फरक मोजताना तो आपोआप वजा व्हावा, यासाठी तो असतो. मग कापडी टेप, आणि वायरींचा जुडगा उंबऱ्याच्या आतल्या खाचेत, जिथे टाच पोहोचत नाही.

एलईडी पट्टी काढून टाकू का, विचारलं. सर म्हणाले, मुलीला आवडते. मग तिला रूम लाइटपासून तोडून स्वतंत्र वायर दिली, तिचा स्वतःचा छोटा फ्यूज घालून, आणि तीही दुसऱ्या बाजूनं नेली.

बॅटरी लावण्याआधी पुन्हा ओहम: ६०.३. चावी चालू: २.७ आणि २.३. पोरगा टाच रोवून, उड्या मारून दमला, स्कोपवरची लाट ढळली नाही. कोड तेव्हा पुसले.

बिलात वायर, स्लीव्ह, टेप यांचे मिळून दोनशेच्या आत झाले. बाकी रक्कम तीन दिवसांच्या तपासाची लावली आणि ती तशीच स्पष्ट लिहिली. ‘किरकोळ वायरिंग’ असं लिहून मी आता लपवत नाही. निदानाला वेळ लागतो आणि तो वेळ हेच आमचं काम आहे. ते मागायला मिस्त्री लाजतो, म्हणून सुटा भाग बदलून त्यात पैसे काढायची वाईट रीत पडली आहे. शेवटच्या दिवसाच्या डिझेलचे पैसे मात्र घेतले नाहीत. फोन आधी केला असता तर ती फेरी लागलीच नसती.

तीन आठवड्यांनी सर आईला गावी सोडून परत येताना गॅरेजवर थांबले. सगळी मॉड्यूल पुन्हा वाचली, एकही यू कोड नव्हता. मी विचारलं, मावशींनी ब्रेक मारला का? सर म्हणाले, “पोफळी येईपर्यंत पाय काढला नाही तिनं.”